पोरीचा कस

पोरीच्या काळजाला रक्त पुरवणारी डावी नस जन्मापासूनच चुकीच्या जागी उगवली आहे, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा कृष्णातच्या तोंडून पहिला शब्द पडला तो ‘किती टक्के?’ असा. दुसरा कुठला बाप असता तर देवाचं नाव घेतलं असतं, घसा खाकरला असता, गेलाबाजार खुर्चीचा हात तरी घट्ट धरला असता. हा म्हणाला, किती टक्के. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. शेजारी बसलेली त्याची बायको वैजंता त्याच्याकडं अशी बघायला लागली की जणू बारशाला येऊन यानं तिरडीचे बांबू मागितले. पोरगी क्रांती पलीकडं स्टुलावर पाय हलवत टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या काळजाशी खेळत होती. ते काळीज मधोमध उघडत होतं, त्यातला एक तुकडा नीट बसत नव्हता आणि ती तो बोटानं ढकलून बसवू बघत होती. डॉक्टर तरन्नुमनी तिला ते करू दिलं. मग त्या कृष्णातला म्हणाल्या, यात टक्के नसतात. नस एकतर आपल्या जागी असते, नाहीतर दुसऱ्याच्या. त्यांनी पोरीच्या हातातलं काळीज घेऊन दाखवलं. या दोन मोठ्या नळ्या. क्रांतीची डावी नस निघायला हवी इथून, निघाली उजव्या बाजूनं आणि या दोन नळ्यांच्या मधल्या फटीतनं घुसून डावीकडं गेली. थोडा भाग तर मोठ्या नळीच्या भिंतीच्या आतूनच गेलाय. बसल्या जागी काही होत नाही. जोरात पळाली की नळ्या फुगतात, मधली नस चेपते, आणि काळजाला जेव्हा सगळ्यात जास्त रक्त पाहिजे नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. म्हणून ती पडली. दोनदा उठली हे नशीब. इलाज एकच, ऑपरेशन. पुण्याला करायचं, भिंतीतला भाग आतून उघडायचा, नसेचं तोंड मोकळं करायचं. चांगलं होतं. तोवर पळणं बंद. आणि हे सगळं ऐकून घेताना कृष्णातच्या डोक्यात एकच भुंगा गुणगुणत होता: टक्के नसतील तर मग ह्या बाईनं मोजलं कशानं?

टक्क्याशिवाय कृष्णातला जगातलं काही कळत नव्हतं, यात त्याचा दोष म्हणाल तर अर्धाच. विट्याकडची पोरं मिशी फुटायच्या आधी परमुलखात धाडतात. तसं त्यालाही मामानं, सयाजीनं, तमिळ मुलखात सेलमला नेलं. सोनारगल्लीत एक बोळ, बोळात एक जिना, जिन्याखाली भट्टी. लोकांचं मोडकंतोडकं सोनं मुशीत घालायचं, वितळवायचं, तेजाबात उकळायचं; तांबं-चांदी खाऊन तेजाब हिरवं झालं की तळाला उरेल ते खरं. या धंद्याला गलाई म्हणतात आणि या धंद्यात माणूस वितळत नाही, बाकी सगळं वितळतं. तेजाबाचा धूर खाऊन खाऊन कृष्णातचं नाक मेलं होतं. दिवाळीला घरी आला की वैजंता चकल्या तळायची आणि हा शेजारी बसून, डोळ्यांनी वास घेतल्यासारखा, कढईकडं बघत राहायचा. या दवाखान्यातही लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. त्याला ना फिनेलचा वास आला ना औषधाचा. आजार असलेल्या जागेला एक वास असतो म्हणतात. तो यायला पाहिजे होता, म्हणजे मग खरं वाटलं असतं. सयाजीमामानं त्याला भट्टीपुढं बसवल्या बसवल्या एक कायदा शिकवला होता. भाच्या, कुणाच्या आकड्यावर इस्वास ठेवू नको, माझ्याबी न्हाई. सोन्याचा कोपरा कापायचा, दुसऱ्या दुकानात पाठवायचा, मग तिसऱ्या. पर पयल्याचा आकडा दुसऱ्याला सांगायचा न्हाई. सांगितला की त्याचा डोळा नासला, मग तो तुझाच आकडा तुला परत देणार. तिघांचे आकडे आले की मिळवायचे, तीनानं भागायचं. तो खरा कस. या कायद्यावर सेलमच्या बाजारात कृष्णातची इज्जत उभी होती. त्यानं काढून दिलेल्या आकड्याला कुणी हरकत घेत नसे. आणि अशा माणसाला एक बाई सांगते की तुझ्या पोरीत खोट आहे आणि आकडा नाही.

वर आणखी ती बाई कोण, तर जैनुद्दीनभाईची पोरगी. जैनुद्दीन शिकलगार विट्यात बसस्टँडमागं भट्ट्यांचे ब्लोअर दुरुस्त करायचे. गावी आलेला प्रत्येक गलाईवाला त्यांच्याकडं एखादा बिघडलेला ब्लोअर टाकून जायचा आणि परत जायच्या दिवशी तो तसाच मिळाला म्हणून शिव्या घालायचा. दुकानाच्या पायरीवर एक काटकुळी पोरगी डबा घेऊन बसलेली असायची, पुस्तक गुडघ्यावर. ती ही. कृष्णातनं दाराबाहेरची पाटी वाचली तेव्हाच त्याला ती पायरी आठवली, आणि मनात आलं की ज्या घरात पंख्याचं पातं सरळ बसायला चार खेपा घालाव्या लागल्या त्या घरात काळजाचं काय कळणार. आलं म्हणजे आलं. माणसाच्या मनात उकिरडा असतो आणि कोंबडी उकरल्यावाचून राहत नाही. हेच जर पुण्यातल्या कुणा पिकल्या मिशांच्या, आडव्या अंगाच्या, ‘बसा’ सुद्धा न म्हणणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं असतं तर कृष्णातनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. आपल्याकडं माणसाचं ज्ञान त्याच्या ढेरीवरून मोजतात. गावची पोर शिकून आली की तिला आपण ‘कुणाची गं तू’ विचारतो, आणि बापाचं नाव कळलं की तिची डिग्री तिथल्या तिथं निम्मी होते. तरन्नुमनं त्याला ओळखलं होतं का? ओळखलं असावं. ती नुसतं म्हणाली, मी आधी छातीची सोनोग्राफी केली तेव्हा नस जिथं दिसायला हवी तिथं दिसली नाही, म्हणून सीटी स्कॅन करायला लावला. ही त्याची सीडी, दुसऱ्या कुणाला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, मला राग येणार नाही. हे ऐकून तर कृष्णातचा संशय पक्का झाला. आपल्या आकड्यावर शंका घेतली तरी ज्याला राग येत नाही त्याचा आकडा कच्चा.

तिघं गाडीनं विट्याला निघाले. गाडी तमिळनाडूच्या नंबरची, त्यामुळं तासगावच्या नाक्यावर पोलिसानं हात केला आणि कृष्णात त्याच्याशी तमिळमध्ये घोळलेल्या मराठीत बोलायला लागला, तेव्हा मागनं क्रांती हसली. पोरीचं हे हसणं त्याला नवीन होतं. पोर त्याची, पण वाढली वैजंताकडं, नंतर सातारच्या मुलींच्या धावण्याच्या अकादमीत; हा यायचा दिवाळीला आणि जत्रेला, दर खेपेला पोर चार बोटं उंच झालेली असायची आणि तिच्या मापाचा म्हणून आणलेला ड्रेस मावसबहिणीला जायचा. परक्यांच्या सोन्यात कुठं किती तांबं आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. पोरीला कोणती भाजी आवडत नाही हे विचारलं असतं तर अडकला असता. सातारला ती पहिल्यांदा पडली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं होतं, ऊन लागलं असंल, लिंबूपाणी द्या. दुसऱ्यांदा पडली तेव्हा वैजंतानं फोनच केला नाही. तिनं पोरीला एसटीत बसवून सांगली गाठली आणि सगळं झाल्यावर त्याला बोलावून घेतलं. घरी चूळ भरून तो म्हणाला की आपण आणखी दोन ठिकाणी दाखवू. वैजंता म्हणाली, दाखवा, पर ती सीडी संगट न्या. तो म्हणाला, नेतो की. मग त्याला राहवलं नाही आणि त्यानं मामाचा कायदा तिला समजावून सांगितला, डोळा नासतो वगैरे. वैजंता भाकरी थापता थापता थांबली. परातीत हात तसाच ठेवून तिनं विचारलं, “आवं, तुमी तिचं बाप हाय का गिऱ्हाईक?” त्याला उत्तर सुचलं ते असं की बाप आहे म्हणूनच तीन ठिकाणी, गिऱ्हाईक असतो तर एकावरच भागवलं असतं. पण तोवर भाकरी फुगली होती आणि बायको पाठमोरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलवरचं पोरीचं सामान आणायला सातारला जातो, वाटेत कराडला एक डॉक्टर दाखवतो, असं सांगून तो क्रांतीला घेऊन निघाला. सीडी नेली. गाडीत, सीटखाली, पायपुसण्याच्या तळाशी. कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठं दाखवलंय? कृष्णात म्हणाला, न्हाई. काय झालं होतं? जरा चक्कर आल्ती, उपाशी होती. डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टी साफ. पोरीला पालेभाजी द्या म्हणाले. इथं एक गोष्ट धडधडीत सांगून टाकली पाहिजे. हे कराडचे डॉक्टर गाढव नव्हते आणि पुढचे सातारचेही नव्हते. पोर शांत बसलेली असताना ती पट्टी साफच येते. ती नस काडीएवढी, ‘इथं बघा’ म्हटलं तर दिसते, नाही म्हटलं तर शहाण्याच्याही डोळ्यांसमोरून निघून जाते. गाढव होता तो सीडीवर पाय ठेवून बसलेला. पण गाढवाला त्या वेळी लई हलकं वाटत होतं. हमरस्त्याला लागल्यावर क्रांतीनं विचारलं की पप्पा, तुमी खोटं का बोलला? त्यानं मोठ्या हौसेनं तिला कायदा सांगितला. पोर हुशार, लगेच म्हणाली, म्हंजे वर्गात बाई उत्तर झाकून ठेवतात तसं. व्हय व्हय, तसंच, कृष्णात म्हणाला. आपली पोर धंद्यातली निघाली याचा त्याला एवढा आनंद झाला की त्यानं उगाच एका उसाच्या ट्रॅक्टरला हॉर्न दिला. ट्रॅक्टर मागं पडल्यावर ती म्हणाली, “पर पप्पा, ह्यात नापास कोण हुणार? डॉक्टर का मी?” त्यानं काच खाली केली. मग वर केली. मग उंब्रजला चहा घेऊया का विचारलं. ती म्हणाली, मी चहा पीत न्हाई, तुमाला ठावं न्हाई का.

सातारला पोवई नाक्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टर वीरधवल निकम होते, पिकल्या मिशांचे, आडव्या अंगाचे, आणि ते ‘बसा’ म्हणाले नाहीत. कृष्णातला एकदम बरं वाटलं. त्यांनी पण विचारलं, आधी कुठं? न्हाई. घरात कुणाला काळजाचा त्रास? न्हाई. पळताना पडली का बसली असताना? इथं कृष्णातची जीभ जराशी अडखळली, कारण हा प्रश्न सांगलीच्या बाईंनीही विचारला होता आणि तेव्हा वैजंतानं उत्तर दिलं होतं. तो म्हणाला, उभी होती. क्रांती छताकडं बघत आडवी पडली होती, छातीवर गार जेल, शेजारी पडद्यावर तिचं काळीज बेडकासारखं उड्या मारत होतं. कृष्णात पडद्याकडं सरकला. आजवर त्यानं ऐकलं होतं की काळीज धडधडतं. पण हे धडधडत नव्हतं, हे राबत होतं. कुणी बघत नसताना, कुणी मोजत नसताना, हा सेलमला झोपलेला असताना, हे इथं राबत होतं. निकम डॉक्टर म्हणाले, झडपा चांगल्या, पडदे चांगले, ठोका चांगला, पोर पळणारी दिसते. कृष्णात म्हणाला, व्हय, लय पळती. म्हणाला आणि त्याला वाटलं आपण आत्ता कुणाचं तरी काहीतरी चोरलं. पण काय ते कळेना. बाहेर येऊन त्यानं गाडीच्या बॉनेटला टेकून मोबाईल काढला.

‘गलाई बांधव’ नावाचा त्यांचा ग्रुप. भारतात असं एक शहर नाही जिथं विट्याकडचा माणूस भट्टी पेटवून बसलेला नाही, त्यामुळं या ग्रुपवर सकाळी काही टाकलं की जेवणापर्यंत लुधियाना ते नागरकोईल सगळीकडनं मत येतं. कृष्णातनं टाकलं: तीन ठिकाणी दाखवलं, एक म्हणतं खोट, दोन म्हणतात साफ. मग काय विचारता. भटिंड्याचा एक म्हणाला इकडं आण, इथं एक सरदार डॉक्टर आहे, हात लावला की कळतं. कोचीनचा म्हणाला नारळपाणी. गोरखपूरच्यानं न विचारता एक आख्खं भाषण टाकलं की डॉक्टर लोक सीटीच्या मशिनीचा हप्ता फेडायला नसलेल्या नसा काढतात. तीर्थहळ्ळीचा एक पोक्त माणूस हळूच म्हणाला, बाकी सगळं ठीक, पण पोरीची जात आहे, छातीवर चिरा पडला तर पुढं स्थळाला काय सांगणार. याच्या खाली अकरा जणांनी हात जोडले. हे असं आहे आपलं. पोरगी मैदानात मेली तर चालेल, तिचा फोटो हार घालून चांगला दिसतो. जगली आणि ब्लाउजच्या गळ्यातनं चार इंच वण दिसला तर घराण्याची बेअब्रू. कृष्णातनं त्या माणसाला एक करकरीत शिवी लिहिली, मग पुसली, कारण तो नात्यात लागत होता. शेवटी सेलमहून सयाजीमामाचा आवाज आला, मागं ब्लोअरची घरघर. दोन इरुद्ध एक, विषय संपला गड्या, पोरीला पेढं दे. विषय संपला म्हणायला कृष्णातही तयार होता. पण सवय वाईट. त्यानं मनातल्या मनात साफला शंभर, खोटीला शून्य धरलं, तीनानं भागलं आणि आकडा आला सहासष्ट. सहासष्ट म्हणजे शुद्ध नव्हे, खोटंही नव्हे. सहासष्टच्या सोन्याला गिऱ्हाईक हातात घेऊन उलटंसुलटं करतं आणि परत ठेवतं. त्यानं मामाला कळवलं, मेळ बसत न्हाई. मामा म्हणाला, नसंल बसत तर मग काय करतोस तू? परत भट्टीत घालतोस न्हवं?

त्यानं पोरीला भट्टीत घालायचं ठरवलं. अशा शब्दांत नाही ठरवलं. शब्द होते ते असे की एकदा डोळ्यांदेखत जरा पळवून बघू, काय झालं नाही तर झालंच, आणि अर्ध्यात दमली तर थांबवू. सांगलीच्या बाईंनी यावरही बजावलं होतं खरं: पळून ठीक वाटली म्हणजे ठीक आहे असं समजू नका, शंभर वेळा ठीक पळेल. हे त्याला आठवलं, आणि जैनुद्दीनभाईच्या पायरीवरची ती पोरगीही आठवली, आणि त्यानं दोन्ही आठवणी एकाच पोत्यात घातल्या आणि पोतं बाजूला ठेवलं. अकादमीच्या मैदानावर उन्हं कलली होती, वर अजिंक्यताऱ्याची सावली खाली सरकत होती, पोरी भिंतीला पाय लावून वाकत होत्या. क्रांतीला बघून त्यांनी गलका केला. पोरींना धावणं शिकवणाऱ्या ज्योतिबा सरांनी कृष्णातला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर काय म्हणले? तो म्हणाला, साफ. मोठे डॉक्टर, निकम. सरांचा चेहरा उजळला. त्यांनाही पोर पाहिजे होती. एक चक्कर मारू द्या मग, सावकाश, ते म्हणाले. क्रांती खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. तिच्या मानेवर एक लहान तीळ होता, तो कृष्णातनं आज पहिल्यांदा बघितला. ती उठली, हात झटकले, आणि गिऱ्हाइकाला पुडी कशात बांधू विचारावं तसं साधं विचारलं,

“पप्पा, कंची पळू? तिसरीवाली का पयलीवाली?”

“कंची म्हंजी?”

“तिसरी आल्यावर दुखत न्हाई. दुसरीला टोचतं. पयलीला लय दुखतं, मग डोळ्यांपुढं काळं येतं.” ती जागच्या जागी दोन उड्या मारत सांगत होती. “म्हणून मी तिसरीच येती. सरांला ठावं न्हाई.”

कृष्णातला मेडलं आठवली. विट्याच्या घरात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या खिळ्याला, तिची मेडलं लटकत होती; तांबूस, सगळी एका रंगाची. गेल्या दिवाळीला त्यानं ती ओंजळीत घेऊन पावण्यांपुढं विनोद केला होता की बघा, गावभर सोनं गाळणाऱ्याच्या घरात पोरगी नुसतं तांबं आणती. पावणे हसले होते, तोही हसला होता, आणि क्रांतीही. ती कशाला हसली होती? तिला त्यातलं काय कळलं होतं? बारा वर्षांची पोर, तिनं आपल्या काळजाचा काटा आपणच शोधून काढला होता, कुठवर ताणलं की तुटत नाही ते. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, शर्यतीगणिक आपला कस आपण लावत आली, आणि प्रत्येक खेपेला खरा आकडा घेऊन घरी आली. आणि त्यानं फोनवर काय सांगितलं होतं? आता एकदा पयली ये, मग सायकल. त्याच आठवड्यात ती पडली. लिंबूपाणी द्या. मग परत सायकल, परत पडली. त्याच्या कानात एकदम ब्लोअरची घरघर सुरू झाली, तेजाबाचा धूर डोळ्यांत गेल्यासारखे डोळे चुरचुरायला लागले, आणि या सगळ्यात तो उत्तर द्यायचं विसरला. सरांनी शिट्टी मारली. बाप गप्प आहे म्हणजे बापाला काय पाहिजे हे पोरींना बरोबर कळतं. क्रांती पहिलीवाली सुटली.

मग कृष्णात पळाला. कोल्हापुरी चपला, पोटावर ताणलेला शर्ट, गळ्यात धंद्याची शोभा म्हणून घातलेला गोफ, अशा थाटात तो धावपट्टीवरून “ए पोरी, थांब” म्हणत सुटला आणि वळणावर क्रांतीनं मागं वळून बघितलं. तिनं आपल्या बापाला जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. भट्टीपुढं बसलेला, गाडीत बसलेला, पाटावर बसलेला, एवढाच बाप तिला माहीत. आणि आज तो आपल्याशी शर्यत लावून मागनं येतोय. ती खदाखदा हसली आणि तिनं वेग वाढवला. भिंतीजवळच्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या, काका, काका. तो ‘थांब’ म्हणून हात हलवत होता, त्यांना ते जोर लावणं वाटत होतं. तो जितका पळेल तितकी ती पळत होती, हे त्याला वळणाच्या मध्यावर कळलं. कळलं आणि पाय थांबेनात, कारण थांबलं तर ती एकटीच पुढं जाईल, आणि पळालं तर तिला पुढं हाकलणारा आपणच. एक चप्पल गेली. दोन नळ्या फुगतात आणि मधली चेपते. दुसरी चप्पल गेली. त्याला ती नस दिसायला लागली, काडीएवढी, सीडीत न बघितलेली, पायपुसण्याखाली पडलेली, दोन्हीकडून दाबत आलेली, आणि तिच्या पलीकडं ते राबणारं काळीज रक्ताची वाट बघत असलेलं. तो मोठ्यानं ओरडला आणि धावपट्टीवर तोंडावर आपटला. पडला, की त्यानं आपणहून अंग टाकलं, हे त्याला पुढं वैजंतालाही धड सांगता आलं नाही. लाल मातीत नाक खुपसून तो पडून राहिला, आणि डोकं उचलायची त्याची छाती होईना. तिची पावलं वाजत होती. मग वाजायची थांबली. का थांबली ते बघायला डोळे उघडावे लागले असते.

“पप्पा.”

ती शेजारी उकिडवी बसली होती. कपाळावर घाम, ओठ जरा पांढरे, पण बसली होती. श्वास धपापत होता आणि तरी तिची नजर याच्या छातीवर. “दुखतंय व्हय?” तिनं खालच्या आवाजात विचारलं, आणि सर लांबून येतायत हे बघून भराभर सांगायला लागली. “उठू नका लगी. पुढं वाका, हात गुडघ्यावर. नाकानं न्हाई, तोंडानं घ्या, हळू. डोळं मिटू नका, मिटलं की जास्त फिरतं. आन कुणाला सांगू नका. इचारलं तर बूट सैल झालता म्हणायचं. गप ऱ्हायलं की जातं.” मग तिनं त्याच्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि म्हणाली, “तुमाला ते म्हणता येणार न्हाई.”

कृष्णातनं पुढं वाकून, हात गुडघ्यावर ठेवून, तोंडानं श्वास घेत, मातीनं भरलेल्या तोंडानं सांगलीला फोन लावला. डॉक्टर तरन्नुम दवाखान्यातच होत्या. त्यानं सगळं ओकून टाकलं; कराड, सातारा, सीडी सीटखाली, ग्रुप, सहासष्ट, भट्टी, पोरीची तिसरीवाली आणि पयलीवाली. मधेच त्याला रडू फुटलं आणि मधेच तमिळ. मग त्यांनी विचारलं की आता ती कशी दिसतेय, ओठ, हात गार आहेत का, बोलतेय का. तो म्हणाला, बोलतीया, मलाच शिकवतीया.

“त्या दोघांना माझी सीडी दाखवली होती?”

“न्हाई.”

“म्हणजे तुम्ही डॉक्टरांची परीक्षा घेतलीत.”

“व्हय.”

“आणि पेपराला बसवलंत पोरीला.” त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. मग त्यांनी सांगितलं की तिला सावलीत बसवा, पाणी द्या, श्वास पूर्ण खाली बसू द्या, मग सरळ गाडीत घालून माझ्याकडं आणा, आज रात्री मी तिला दवाखान्यातच ठेवून घेते. वाटेत परत चक्कर किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, पहिला मोठा दवाखाना येईल तिथं शिरा आणि ही नस चुकीची आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. पुण्याशी मी आत्ता बोलते, या आठवड्यातली तारीख मिळते का बघते. घेऊ ना? कृष्णात म्हणाला, घ्या. अजून एखाद्या ठिकाणी विचारायचंय? तो म्हणाला, न्हाई बाई. आणि मग, तारखेसारख्या सरकारी गोष्टीत हे बसत नव्हतं तरी, म्हणाला, तुमच्या अब्बांच्या ब्लोअरला मी लय वाईट बोललोय. त्या म्हणाल्या, सगळेच बोलायचे, ते चालायचे नाहीतच. आता फोन ठेवा आणि पोरीला आणा.

ती बसली, पाणी प्याली, ओठांना रंग आला. तोवर सर येऊन उभे राहिले होते, पोरींचं कडं झालं होतं, आणि कृष्णातनं त्या सगळ्यांना, एकेकाचं तोंड बघून, सांगून टाकलं की हिच्या काळजाची नस चुकीच्या जागी हाय, जन्मापासनं, मी लपवलं, हिनंबी लपवलं, आता हिचं ऑपरेशन हाय, छातीवर हे एवढा वण पडंल, कुणाला बघायचा असंल त्यानं घरी यावं. सर मटकन खाली बसले. एका पोरीनं विचारलं की मग तिसरा नंबर आता कोण येणार, आणि तिला शेजारणीनं चिमटा काढला. फाटकापर्यंत सावकाश चालत नेली तरी चालेल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. कृष्णातच्या ते कानात गेलं नव्हतं किंवा गेलं आणि मानवलं नव्हतं. त्यानं बारा वर्षांची, हाडापेरानं आईवर गेलेली पोर खांद्यावर घेतली, जशी ती तान्ही असताना घ्यायची राहून गेली होती, आणि अनवाणी निघाला. पप्पा सोडा, पोरी बघत्यात, ती कानाशी कुजबुजत होती. बघू देत, तो म्हणाला. वीस पावलांत त्याचा दम सरला आणि त्याला थांबावं लागलं. क्रांतीनं सुस्कारा सोडला. मग त्याच्या खांद्यावरूनच, भिंतीजवळच्या सगळ्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात, ती त्याला सांगायला लागली की नाकानं न्हाई पप्पा, तोंडानं घ्या, हळू.